भोकाच्या पैशाचे आठ लाख

चौक,
रविवार, १० नोव्हेंबर २०२४
सकाळचे सात वाजून दहा मिनिटे

ती. धोंडूआत्यांना पदूचा नमस्कार.

दुकान उघडायला अजून अर्धा तास आहे. मी गल्ल्यामागे बसून भिंगाची काच पुसत होतो, तेवढ्यात शुक्राने भाजीचा टेंपो थांबवून तुमची चिठ्ठी हातात दिली. चिठ्ठी दोन ओळींची, पण मी ती चार वेळा वाचली. "पदू, तुला जुन्या पैशांतलं कळतं म्हणतात. माझ्याकडं डबाभर हायेत. मुंबईचा एक माणूस भोकाच्या एका पैशाला आठ लाख देतो. खरं का?"

आत्या, खरं नाही. पण नुसतं नाही म्हणून मी मोकळा होणार नाही. सहा वर्षांपूर्वी आमच्या स्पेअर पार्टच्या दुकानात एक जुना डिझेल पंप उघडला, तर त्यात वायसरच्या जागी भोकाचा पैसा बसवलेला होता. तेव्हापासून मी तांब्याचे जुने पैसे जमवतो. मुंबईला नाण्यांचं प्रदर्शन भरतं तिथे जातो, कोणता पैसा कितीला गेला ते लिहून आणतो. नववीनंतर शाळा सुटली, पण हे शिकणं सुटलं नाही.

फोन केला असता, पण तुम्हाला फोनात नुसती खरखर ऐकू येते हे मला ठाऊक आहे. शिवाय नाण्याचा भाव तोंडी सांगायचा नाही असा माझा नेम आहे.

म्हणून एवढं करा. डबा पाठवू नका. शाळेत आपण वहीच्या पानाखाली नाणं ठेवून वरून पेन्सिल घासायचो, तसे प्रत्येक पैशाचे दोन्ही बाजूंचे ठसे काढा आणि ते कागद शुक्राबरोबर पाठवा. मी एकेकाचा भाव लिहून देईन. तोवर त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. असे लोक पैसे द्यायच्या आधी पैसे मागतात.

तुमचा,
पदू

*

कडाव, बुधवार, १३ नोव्हेंबर

चि. पदूस आशीर्वाद.

घे बाबा तुझे ठसे. शेचाळीस पैसे, दोन्ही अंगं. बोटं अशी काळी झाली की सून म्हणते, आई, चुलीत हात घातला का? मी सातवी फायनल पास हाय पण पोरांसारखी पेन्सिल घासत बसेन असं वाटलं नव्हतं.

तू लिहिलंस ते बरोबर निघालं. तो पैसे मागतो. सोळा हजार पाचशे, नोंदणीचे म्हणे. सरकारचा कागद करावा लागतो, मग माणूस घरी येऊन आठ लाख देतो नि पैसा घेऊन जातो. ही सगळी बोलणी आमची प्राची करते, माझी नात, तिच्या फोनवर लिहून. मी वाचते. मला ऐकायला येत नाय म्हणून काय झालं, वाचता येतं.

आता तुला घरातलं सांगते. माझ्याकडं अठरा हजार हायेत. मागच्या साली वाल विकले त्याचे नि दुधाचे. कर्जतच्या कानाच्या डॉक्टरनं यंत्र सांगितलं हाय, ते अठरा हजारांचं. सात वर्षं झाली रं, घरात लोकं हसतात नि मी त्यांच्या तोंडाकडं बघून हसते. म्हणून ते पैसे साठवले. पण विचार कर, सोळा हजार टाकून आठ लाख येत असतील तर एक सोडून दोन्ही कानांना यंत्र घेईन, नि वर तुलाही काहीतरी देईन.

तो महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाला. लवकर लिही.

तुझी आत्या,
धोंडूबाई

*

चौक, शुक्रवार, १५ नोव्हेंबर

ती. धोंडूआत्यांना नमस्कार.

ठसे फार स्वच्छ आले आहेत. दोन संध्याकाळी बसून सगळे पाहिले. भाव असे:

भोकाचे पैसे एकोणतीस. प्रत्येकी तीस रुपये. एकूण आठशे सत्तर.
पंचम जॉर्जचे पाव आणे अकरा. प्रत्येकी चाळीस. एकूण चारशे चाळीस.
व्हिक्टोरिया राणीचे पाव आणे पाच. प्रत्येकी शंभर. एकूण पाचशे.
१८३५ सालचा ईस्ट इंडिया कंपनीचा पैसा एक. अडीचशे.

सगळे मिळून दोन हजार साठ.

तुम्हाला हे फार कमी वाटेल. पण नाणं जुनं आहे म्हणून महाग होत नाही. किती उरली आहेत, किती चांगली उरली आहेत आणि घ्यायला किती जण उभे आहेत, यावर भाव ठरतो. भोकाचे पैसे महायुद्धाच्या दिवसांत तांबं वाचवायला पाडले. ते एवढे पाडले की आजही घरोघरी सापडतात, पोरांच्या करगोट्यात आणि बैलांच्या गळ्यात सुद्धा. जे घरोघरी आहे त्याला आठ लाख कोण देईल?

मी पिच्छा सोडवायला भाव सांगत नाही. या कागदावर जे लिहिलं आहे त्या भावाने डबा घ्यायला मी स्वतः तयार आहे. याहून जास्त कोणी रोख हातावर ठेवत असेल तर खुशाल त्याला द्या. पण यंत्राचे पैसे हलवू नका.

तुमचा,
पदू

*

कडाव, मंगळवार, १९ नोव्हेंबर

पदू,

तुझा भावांचा कागद वाचला. शेवटची ओळ दोनदा वाचली. डबा घ्यायला तू स्वतः तयार! आता कळलं.

बैल घ्यायला माणूस आला की आधी त्याचे दात मोजतो, मग खूर बघतो, मग म्हणतो मावशे, हा तर म्हातारा झाला. नि जाताना तोच बैल घेऊन जातो. मी सत्तर वर्षांची हाय. असे गिऱ्हाईक माझ्या अंगणात लई येऊन गेले. तुझा बाप माझा चुलतभाऊ, भला माणूस होता. तू त्याचा पोरगा म्हणून तुला विचारलं. पैसे तू गोळा करतोस, भावही तूच करतोस, नि घेणाराही तूच. मग मी कशाला हवी? नुसती पेन्सिल घासायला?

तो मुंबईचा माणूस निदान आजी आजी म्हणून बोलतो. त्यानं प्राचीला फोटो पाठवलेत, कुणाकुणाला पैसे दिले त्यांचे. एक बाई तर आमच्यासारखीच नऊवारी नेसलेली हाय, हातात नोटांची चळत.

सोमवारी प्राची पैसे फोनवरून पाठवणार. तुला कळवायचं म्हणून कळवलं.

धोंडूबाई

*

चौक, गुरुवार, २१ नोव्हेंबर

ती. धोंडूआत्यांना नमस्कार.

तुमचा राग मला पटला. भाव करणारा आणि घेणारा एकच असेल तर मीही विश्वास ठेवणार नाही. म्हणून माझ्या शब्दावर ठेवूच नका.

सोबत पुडीत भोकाचे दोन पैसे आहेत. हे माझे. तुमच्या डब्यातल्या पैशांशी ताडून पाहा. तेच साल, तेवढंच वजन, तोच मुकुट. तुमच्या पैशाला जो भाव तोच यांना मिळायला हवा. आधी हे विका.

प्राचीला असं लिहायला सांगा: "साहेब, आमच्याकडे दोन पैसे आहेत. दोन्हींचे सोळा लाख झाले. तुमची नोंदणीची फी त्यातूनच कापून घ्या आणि उरलेले पंधरा लाख त्र्याऐंशी हजार पाचशे आणून द्या. वाटल्यास फी दुप्पट कापा." एवढंच. भांडायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत.

त्याने हो म्हटलं आणि पैसे आणून दिले, तर ते सगळे तुमचे. मी त्यातला एक रुपया मागणार नाही, हे या कागदावर लिहून सही करतो. शिवाय तुमच्या दारात येऊन कान पकडीन आणि पुन्हा कधी कोणाच्या नाण्याचा भाव करणार नाही. पण तो हो म्हणणार नाही. आत्या, मला इतर पुष्कळ गोष्टींची खात्री नसते. दुकानाला कुलूप लावलं तरी परत येऊन ओढून बघतो. याची आहे.

सोमवारच्या आधी करा.

पद्माकर (पदू)

*

कडाव, मंगळवार, २६ नोव्हेंबर

चि. पदूस खूप खूप आशीर्वाद.

आधी सांगते, अठरा हजार घरातच जपून हायेत. आता बाकीचं वाच.

रविवारी दुपारी प्राचीला बसवलं नि तू लिहिलंस तसंच्या तसं पाठवलं. मी शेजारी चष्मा लावून. लगेच उत्तर, "आजी, फी आधी भरावी लागते, नियम आहे."

मी म्हटलं, लिही गं, नियम हाय तर दुप्पट काप.

"आजी, कापता येत नाही, कंप्यूटर घेत नाही."

लिही, कंप्यूटरला सांग म्हातारी गरीब हाय.

तर म्हणतो, "बरं, तुमच्यासाठी आठ हजार करतो." मी काही लिहिलंच नाय. थोड्या वेळानं परत, "अडीच हजार, शेवटचं." मी तशीच बसले. सुपारी कातरली, तोंडात टाकली. संध्याकाळी दिवा लावेस्तोवर तो नऊशे नव्याण्णववर आला! पदू, बाजारात संध्याकाळी उरलेली मेथी विकणारी बाई सुद्धा इतकी खाली येत नाय. आठ लाख खिशात असलेला माणूस माझ्या नऊशेसाठी असा तळमळतो होय?

मग मी प्राचीला म्हटलं, आता माझ्या मनचं लिही. "बाबा, तुला नऊशेची एवढी नड असेल तर आमच्या शेतावर वाल खुरपायला ये, रोज देईन." त्यानं काय लिहिलं ते प्राचीनं मला वाचू दिलं नाय. फोन उलटा केला नि हसत सुटली. त्याला बंद करून टाकलाय म्हणाली.

तुला बैलवाला म्हटलं ते मागं घेते. डबा शुक्राबरोबर पाठवलाय. तुझ्या कागदावरच्या भावानं घे. तुझे दोन पैसे वेगळ्या पुडीत हायेत. लई मळकट होते रं, काळेकुट्ट. कसा ठेवतोस तू माल? मी आमच्या पैशांसारखे आमसूल नि राख लावून लख्ख केलेत. आता बघ कसे सोन्यासारखे दिसतात.

तुझी आत्या,
धोंडूबाई

*

चौक, गुरुवार, २८ नोव्हेंबर

ती. धोंडूआत्यांना नमस्कार.

डबा मिळाला. शेचाळीस पैसे मोजून घेतले. ठरल्याप्रमाणे दोन हजार साठ रुपये शुक्राबरोबर पाठवत आहे. मोजून घ्यावेत.

यंत्र लवकर घ्या.

पदू

*

कडाव, शनिवार, ३० नोव्हेंबर

पदू,

पैसे मिळाले. बरोबर हायेत. पण तुझं पत्र चार ओळींचं! तू तर शिंक आली तरी पानभर लिहितोस.

मी शुक्राला विचारलं. त्याला माझ्याशी हातवारे करून बोलायची सवय हाय. त्यानं झाकण उघडल्यासारखं केलं, मग तोंडाचा आ करून डोळे वटारले, मग झटकन झाकण लावलं. म्हणजे तू असं केलंस. डबा उघडून दचकलास नि पटकन बंद केलास.

खरं सांग, काय सापडलं त्यात? काहीतरी मोठं हाय ना? ठशात कळलं नसेल नि आता हातात घेतल्यावर कळलं असेल. माझं काही म्हणणं नाय, व्यवहार झाला तो झाला. पैसे तुझे झाले. पण मला अंधारात ठेवू नको. आधीच कानानं बंद हाय, आता तूही तोंड बंद केलंस तर मी कुणाकडून ऐकू?

आत्या

*

चौक, रविवार, १ डिसेंबर

ती. धोंडूआत्यांना नमस्कार.

सापडलं ते सांगतो. सांगणार नव्हतो, पण तुम्ही उलटाच अर्थ लावलात.

तुमचा डबा उघडला आणि मला झाकण लावावं लागलं, कारण आत लख्ख उजेड होता. एकूण एक पैसा चकाकत होता. आत्या, नाणी जमवणारे लोक असला पैसा हातात घेत नाहीत. तांब्यावर वर्षानुवर्षांनी जो काळपट तपकिरी थर चढतो, तोच त्यांना हवा असतो. तो थर म्हणजे नाण्याचं वय. आमसूल लावलं की तो जातो, राखेने घासलं की अक्षरांच्या कडा आणि राणीचं नाक जातं, आणि दोन्ही परत येत नाहीत. घासलेल्या नाण्याला निम्मा भाव सुद्धा मिळत नाही.

यात चूक माझी आहे. मी ठसे मागवले. पेन्सिलीच्या ठशात मुकुट दिसतो, साल दिसतं, रंग दिसत नाही. आपल्या घरांत लक्ष्मीपूजनाला देवाची भांडी आणि पूजेचे पैसे एकाच परातीत घासतात हे मी लहानपणापासून पाहतो आहे. दिवाळी होऊन दहाच दिवस झाले होते. एका ओळीत विचारायला हवं होतं, "आत्या, घासता का?" ते विचारलं नाही आणि भाव लिहून सही केली.

आता विचारलंच आहे तर आजचा भावही सांगतो. भोकाचे दहा, जॉर्जचे पंधरा, राणीचे चाळीस, कंपनीचा ऐंशी. सगळे मिळून सातशे पस्तीस.

तुम्ही म्हणाला होतात, मी भाव पाडला. मी तो तेराशे पंचवीस रुपयांनी चढवून ठेवला होता. पण लिहिलेला भाव तो लिहिलेला. व्यवहार झाला. मी रागावलेलो नाही. फक्त चार दिवस जेवण जरा कमी गेलं.

तुमचा,
पदू

*

कडाव, बुधवार, ४ डिसेंबर

चि. पदूस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी मी रागावले, मग हसले, मग परत रागावले.

पन्नास वर्षं रं! या घरात सून म्हणून आले तेव्हापासून दर दिवाळीला मी ते पैसे घासते. सासू परातीपाशी उभी राहायची. एक जरी काळा राहिला तरी म्हणायची, लक्ष्मी काय आंधळी हाय? बोटांची सालं निघायची आमसुलानं. नि तू म्हणतोस तेच नको होतं. न घासता आळशासारखी बसले असते तर श्रीमंत झाले असते! तुमच्या त्या प्रदर्शनात सगळे आळशी सुनांचेच पैसे मांडतात का?

आता माझं ऐक. घासले मी, तर तोटा तू का सोसणार? नि दुसरं, डबा गेल्यापासून देव्हारा मोकळा मोकळा दिसतो. बाजारात त्यांना सातशे पस्तीस मिळू दे, नायतर सात मिळू दे. पुढच्या दिवाळीला परातीत काय ठेवू, तुझी पत्रं?

म्हणून डबा परत पाठव. तो कंपनीचा पैसा मात्र ठेवून घे. तुझ्याकडं तसा नाय असं शुक्रा खुणेनं म्हणाला. त्याचे ऐंशी कापून बाकीचे एकोणीसशे ऐंशी सोबत पाठवलेत. वाद घालू नको.

उद्या प्राचीबरोबर कर्जतला जाते. कानाचं माप घेणार, यंत्र आठ दिवसांनी.

तुझी आत्या,
धोंडूबाई

ता. क. तुझ्या दोन पैशांचं आता कळलं. तोंडात मारल्यासारखं झालं. त्यांचं काय ते सांग, भरून देते.

*

चौक,
सोमवार, १६ डिसेंबर २०२४
सकाळचे सात वाजून पाच मिनिटे

ती. धोंडूआत्यांना पदूचा नमस्कार.

शुक्राची वाट पाहत गल्ल्यामागे बसलो आहे. डबा त्याच्याबरोबर देतो आहे, पंचेचाळीस पैसे आहेत, फडक्यात बांधून. माझ्या दोन पैशांचं काही देऊ नका. ते मी त्यांतच टाकले आहेत, म्हणजे सत्तेचाळीस भरतील. तिकडे त्यांना सोबत मिळेल.

आता कालचं. काल दुपारी प्राचीच्या नंबरवरून फोन आला, तेव्हा मला वाटलं तिला काही विचारायचं आहे. मी "हॅलो" म्हणालो. तिकडून तुम्ही ओरडलात, "ऐकू आलं! गं प्राची, आलं! पदू, तुझा आवाज असा हाय होय? बायकी हाय रं जरा." दुकानात दोन गिऱ्हाईकं होती, हवेचा कंप्रेसर चालू होता. तुम्ही म्हणालात, तोही ऐकू येतो, तो बंद कर. मी बंद केला. मग तुम्ही म्हणालात, "बोल आता."

मला बोलता आलं नाही. मला पत्रात सुचतं, कारण लिहिताना थांबता येतं. तुम्ही विचारत होतात आणि मी हूं हूं करत होतो. त्यात तुम्ही कंपनीच्या पैशाचा विषय काढलात. मी मनात ठरवून ठेवलं होतं की लिहिलेल्या भावाने अडीचशेच द्यायचे. तुम्ही म्हणालात, ऐंशी. मी म्हणालो, अडीचशे. तुम्ही म्हणालात, "विकणारी मी हाय, मी कमी सांगते, नि तू वाढवतोस? लोकं हसतील. शंभर! आता गप्प." आणि मी हो म्हणून बसलो. पत्रात असतो तर सोडलं नसतं. यापुढे व्यवहाराचं काही असेल तर कृपा करून लिहूनच पाठवा. बाकीचं फोनवर सांगा. मी ऐकेन.

शेवटी तुम्ही फोन बाजूला धरलात आणि विचारलंत, "हा कसला आवाज?" प्राची म्हणाली, "आजी, अगं, चुलीवर चहा उकळतोय." मग तुम्ही फोन चुलीजवळ नेलात, उकळीचा आवाज मलाही आला. मीही फोन ठेवला नाही.

हिशोब खाली देतो. पडताळून पाहा, चूक असल्यास कळवा.

तुमचा खर्च:
कानाचं यंत्र एक. अठरा हजार.
मुंबईच्या माणसाला नोंदणीची फी. शून्य.

माझा खर्च:
शुक्राचा चहा आणि वडापाव, अकरा फेऱ्या. तीनशे तीस. (तो नको म्हणत होता.)
१८३५ सालचा कंपनीचा पैसा एक, घासलेला. फोनवर ठरले शंभर, तुमच्याकडे पोचले ऐंशी.

माझ्याकडून तुम्हाला देणे: वीस रुपये. सोबत आहेत.

तुमचा,
पदू